‘अकस्टम्ड टू यूज’ की ‘अकस्टम्ड टू यूझिंग’?

गेल्या वर्षी माझा एक शोधनिबंध दुरुस्तीसाठी परत आला. परीक्षकांच्या शेऱ्यांमध्ये आकडेमोडीबद्दल दोन बरे प्रश्न होते. तिसरा शेरा एका ओळीचा होता. मी लिहिलं होतं ‘स्पीकर्स आर अकस्टम्ड टू यूज’. त्याखाली रेघ मारून म्हटलं होतं, की इंग्रजी मातृभाषा असलेल्या कुणाकडून तरी हा मजकूर तपासून घ्यावा.

शेरा बरोबर होता. आजच्या इंग्रजीत ‘अकस्टम्ड टू यूझिंग’ असंच लिहायला हवं. गंमत अशी, की ज्या जुन्या इंग्रजी मजकुरांची मोजदाद मी त्या निबंधात केली होती, त्यांत ‘अकस्टम्ड टू यूज’ याच साच्याची वाक्यं पानोपानी होती. ती लिहिणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजीच होती आणि त्यांना कुणी तपासून घ्या म्हटलेलं नव्हतं.

मी मूळची संख्याशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी भाषाबदलाकडे वळले. जुन्या मजकुरांत एखादी रचना किती वेळा येते ते मोजायचं आणि काळाबरोबर ते प्रमाण कसं बदलतं ते पाहायचं, हे माझं रोजचं काम. ‘म्हणजे नक्की काय करतेस?’ या घरच्यांच्या प्रश्नाला आज एका उदाहरणाने उत्तर देते. उदाहरण शाळेत आपल्या सगळ्यांना छळणारं आहे: क्रियापदानंतर ‘टू गो’ कधी आणि ‘गोइंग’ कधी? पहिल्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात, दुसऱ्याला जेरंड.

आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सरांनी फळ्यावर दोन रकाने आखले होते. डावीकडे वाँट, होप, डिसाइड, रिफ्यूज, यांच्यापुढे ‘टू’. उजवीकडे एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, यांच्यापुढे ‘-इंग’. मी विचारलं, ‘सर, असं का?’ सर म्हणाले, ‘का नाही विचारायचं, पाठ करायचं.’ सरांचा दोष नाही. त्यांच्या पुस्तकातही यादीच होती. पण त्या ‘का’चं उत्तर आहे आणि ते सुमारे हजार वर्षं मागे जातं.

तीन प्रत्यय, तीन कामं

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा गोंधळ नव्हता, कारण तिथे तीन वेगवेगळे प्रत्यय होते. ‘पिणे’ हे क्रियापद घ्या. ‘ड्रिंकन’ म्हणजे पिणे, हा इन्फिनिटिव्ह. ‘ड्रिंकेन्दे’ म्हणजे पीत असलेला, हे धातुसाधित विशेषण. आणि क्रियापदापासून नाम करायचं असेल तर ‘-उंग’ किंवा ‘-इंग’ लागे. ‘लेओर्नुंग’ म्हणजे शिकणं, विद्या. आजचं ‘लर्निंग’ तेच.

यातला ‘-उंग/-इंग’चा शब्द शंभर टक्के नाम होता. त्याला क्रियापदासारखं कर्म घेता येत नसे. ‘पुस्तक वाचणं’ असं म्हणता येत नसे, ‘पुस्तकाचं वाचन’ असंच म्हणावं लागे. आपल्या ‘वाचणं’ आणि ‘वाचन’ या शब्दांत जो फरक आहे तोच. ‘मी पुस्तक वाचन केलं’ हे आपल्या कानाला खटकतं, पण ‘पुस्तक वाचणं’ चालतं. जुना इंग्रजी ‘-इंग’ हा ‘वाचन’सारखा होता, ‘वाचणं’सारखा नव्हता.

मग शब्दांची टोकं झिजू लागली. ‘ड्रिंकन’चं ‘ड्रिंकेन’ झालं, पुढे ‘ड्रिंके’, आणि शेवटी नुसतं ‘ड्रिंक’. इन्फिनिटिव्हची ओळख सांगणारा प्रत्ययच गळून पडला. दुसरीकडे इंग्लंडच्या दक्षिण आणि मध्य भागात ‘-एन्दे’चं ‘-इंदे’ होत होत ते ‘-इंग’मध्ये मिसळलं. उत्तरेत आणि स्कॉटलंडमध्ये ‘-आंड’ हे वेगळं रूप बराच काळ टिकलं, पण प्रमाण भाषा लंडनच्या बाजूची ठरली. अशा रीतीने तीन प्रत्ययांपैकी एक नाहीसा झाला आणि उरलेले दोन एकसारखे दिसू लागले.

‘टू’ म्हणजे आपला ‘ला’

प्रत्यय गेल्यावर इन्फिनिटिव्ह ओळखायचा कसा? इथे ‘टू’ पुढे आला.

‘टू’ हे मुळात शब्दयोगी अव्यय, अर्थ ‘च्याकडे’. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हचं एक चतुर्थीसारखं रूप होतं आणि त्याच्याआधी ‘टू’ येई: ‘टो ड्रिंकेन्ने’, म्हणजे पिण्यासाठी, प्यायला. हे समजायला मराठी माणसाला फार कष्ट नाहीत. ‘मी मुंबईला निघाले’ आणि ‘मी जेवायला निघाले’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात ‘ला’ जागा दाखवतो, दुसऱ्यात हेतू. दोन्हींत रोख पुढे आहे, अजून न पोचलेल्या ठिकाणाकडे. ‘करायला’ या रूपात चतुर्थीचा प्रत्यय उघड बसलेला आहे, आणि त्याचं जुनं रूप ‘करावयास’ घेतलं तर त्यातही चतुर्थीचाच ‘स’ आहे. इंग्रजी ‘टू’चं तंतोतंत हेच झालं.

पुढे ‘टू’चा वापर इतका वाढला की हेतू नसलेल्या ठिकाणीही तो येऊ लागला आणि नुसती खूण बनला. तरी काही क्रियापदांनी जुनं बिन-‘टू’चं रूप सोडलं नाही: कॅन, मे, मस्ट, शॅल. म्हणून ‘कॅन गो’, ‘कॅन टू गो’ नाही. आपल्याकडेही पाहा. ‘बोलू लागला’ आणि ‘बोलायला लागला’ दोन्ही चालतं, पण ‘शकणे’पुढे फक्त ‘बोलू’. ‘बोलायला शकतो’ कुणी म्हणत नाही. वारंवार वापरली जाणारी सहायक क्रियापदं जुनी रूपं घट्ट धरून ठेवतात, इंग्रजीतही आणि मराठीतही.

नामाचं क्रियापद होताना

आता ‘-इंग’ची गोष्ट. चौदाव्या शतकाच्या सुमारास हे नाम हळूहळू क्रियापदासारखं वागू लागलं. ‘पुस्तकाचं वाचन’च्या जोडीला ‘पुस्तक वाचणं’ आलं, म्हणजे ‘द रीडिंग ऑफ द बुक’च्या शेजारी ‘रीडिंग द बुक’. मधल्या काळात धेडगुजरी रूपंही भरपूर होती: ‘द रीडिंग द बुक’, किंवा नुसतं ‘रीडिंग ऑफ द बुक’. सतराव्या-अठराव्या शतकात चांगले लेखकही असं लिहीत.

मग व्याकरणकार आले. रॉबर्ट लौथ हे पुढे लंडनचे बिशप झालेले गृहस्थ. १७६२ मध्ये त्यांनी इंग्रजीचं एक छोटेखानी व्याकरण छापलं आणि त्यात ठरवून टाकलं: ‘द’ घ्याल तर ‘ऑफ’ही घ्या, नाहीतर दोन्ही सोडा. म्हणजे एकतर पूर्ण नाम व्हा, नाहीतर पूर्ण क्रियापद. पुढच्या प्रमाण इंग्रजीत साधारण हीच वाटणी पक्की झालेली दिसते.

‘जेरंड’ हे नावही उसनं आहे, लॅटिनमधून आणलेलं. लॅटिनमध्ये जेरंड आणि इन्फिनिटिव्ह यांचं भांडण नव्हतंच, त्यांची कामं वाटलेली होती. नाम म्हणून कर्त्याच्या जागी इन्फिनिटिव्ह यायचा, आणि षष्ठीसारख्या इतर विभक्तींत जेरंड. आपण पोलिसी बातम्यांत वाचतो त्या ‘मोडस ऑपरेंडी’मधलं ‘ऑपरेंडी’ म्हणजे ‘काम करण्याची’, हा षष्ठीतला जेरंड. इंग्रजीत ही वाटणी नव्हती, फक्त नाव लागू झालं. त्या नावामुळे असं वाटतं की इथेही एखादा नेटका नियम असेल. तो शोधायला गेलं की हाती यादी येते.

मोठं स्थलांतर

आता माझ्या कामाचा भाग. साधारण सोळाव्या शतकापासून एक मोठी हालचाल सुरू झालेली दिसते. जी क्रियापदं आधी इन्फिनिटिव्ह घेत, त्यांतली बरीचशी एकेक करून ‘-इंग’कडे जाऊ लागली. जर्मन अभ्यासक उवे फोसबर्ग यांनी २००६ च्या आपल्या पुस्तकाला या हालचालीचंच नाव दिलं; मराठीत त्याला ‘पूरकांचं मोठं स्थलांतर’ म्हणता येईल. पूरक म्हणजे क्रियापदाचा अर्थ पुरा करणारा भाग.

हे मोजायचं कसं? त्यासाठी कॉर्पस लागतो, म्हणजे संगणकावर नीट लावून ठेवलेला मजकुरांचा साठा. १९९१ मध्ये खुल्या झालेल्या हेलसिंकी कॉर्पसमध्ये अगदी जुन्या इंग्रजीपासून १७१० पर्यंतचे सुमारे १५ लाख शब्द आहेत. त्यापुढच्या काळासाठी वेगळे साठे आहेत. मी एखादं क्रियापद घेते, त्याची सगळी वाक्यं बाहेर काढते, प्रत्येक वाक्यात पुढे ‘टू’ आहे की ‘-इंग’ ते नोंदवते आणि कालखंडाप्रमाणे टक्केवारी काढते. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात निम्मा वेळ ‘-इंग’ हे नाम आहे की विशेषण हे ठरवण्यात जातो, कारण मध्ययुगात ती दोन्ही एक झाली ना!

आलेख बहुतेकदा आडव्या ताणलेल्या ‘एस’सारखा निघतो. बराच काळ काही हलत नाही, मग वेगाने चढ, मग पुन्हा सपाट. लोकसंख्यावाढीसाठी आपण वापरतो तोच लॉजिस्टिक वक्र. एम.एस्सी.ला जिवाणूंच्या वाढीचा शिकलेला वक्र क्रियापदांना लागू पडतो हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी होस्टेलवर मैत्रिणीला झोपेतून उठवून दाखवलं होतं. (ती अजून बोलून दाखवते.)

सुरुवात कुठून झाली? स्पॅनिश अभ्यासक तेरेसा फानेगो यांनी दाखवलंय की कर्म म्हणून ‘-इंग’ आधी शिरला तो टाळणे, चुकवणे, आवरणे अशा नकारार्थी क्रियापदांमागे. तिथून तो पसरला. हेंड्रिक डे स्मेट यांच्या २०१३ च्या पुस्तकाचा मुद्दा असा, की तो सारखेपणाने पसरतो: एका क्रियापदाने ‘-इंग’ घेतला की अर्थाने किंवा रचनेने त्याच्या जवळचं दुसरं घेतं, मग तिसरं. वरून कुणी नियम केला आणि सगळ्यांनी तो पाळला, असं झालेलं नाही. गावात एका घराने पत्रे काढून स्लॅब टाकला की शेजारचा टाकतो, तसं.

म्हणून ‘अकस्टम्ड टू यूज’. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात हेच सर्रास रूप होतं. विसाव्या शतकात ते ‘अकस्टम्ड टू यूझिंग’ने मागे टाकलं. ‘ऑब्जेक्ट टू’चं तेच झालं. आपण मेलच्या शेवटी चुकतो ते ‘लुक फॉरवर्ड टू हिअर’ हे रूपही एकोणिसाव्या शतकातल्या छापील इंग्रजीत सापडतं. या तिन्ही ठिकाणी ‘टू’ची दोन रूपं एकमेकांत अडकली होती. एक ‘मुंबईला’मधला ‘ला’, ज्याच्यापुढे नाम हवं. दुसरा ‘जेवायला’मधला ‘ला’, ज्याच्यापुढे क्रियापद. इंग्रजी बोलणाऱ्यांनी दीडेकशे वर्षं घेऊन पहिल्याच्या बाजूने कौल दिला.

सगळी रहदारी एकाच दिशेने नव्हती. ‘डिक्लाइन’पुढे पूर्वी ‘-इंग’ही येई, आज फक्त ‘टू’ उरलाय. काही क्रियापदं तर रस्त्यातच थांबली आहेत. ‘बिगिन’ आणि ‘स्टार्ट’ दोन्ही घेतात. पण ‘इट इज स्टार्टिंग रेनिंग’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘टू रेन’च लागतो. एकाच साच्याची दोन रूपं पाठोपाठ आली की कान नाराज होतो. गुंटर रोडेनबर्ग या अभ्यासकांमुळे या सवयीचं लॅटिन नाव रूढ झालं: होरर एक्वी, म्हणजे सारखेपणाची धास्ती.

मग अर्थाचं काय?

तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळा योगायोगच? तसं नाही. जिथे दोन्ही रूपं शेजारी राहिली, तिथे भाषेने त्यांना वेगवेगळी कामं दिली.

अठराव्या शतकात ‘मला पाहिल्याचं आठवतं’ हे ‘आय रिमेंबर टू हॅव सीन’ असं म्हणत. पुढे ते काम ‘रिमेंबर सीइंग’कडे गेलं आणि ‘रिमेंबर टू’ फक्त पुढच्या कामासाठी उरलं. यात मराठी माणसाने बिचकण्यासारखं काही नाही. ‘मी कुलूप लावायला विसरले’ आणि ‘मी कुलूप लावल्याचं विसरले’ यांत कोणत्या घरात चोर शिरेल हे आपल्याला बरोबर कळतं. ‘सिगारेट ओढायला थांबला’ आणि ‘सिगारेट ओढायचं थांबवलं’ यांतला फरक तर त्याच्या घरचे चांगलाच जाणतील. म्हणजे जो फरक इंग्रजीत अवघड म्हणून शिकवतात, तो आपण रोज न अडखळता करतो.

ड्वाइट बोलिंजर यांनी १९६८ मध्ये हेच थोडक्यात मांडलं: इन्फिनिटिव्ह शक्यतेकडे बघतो, ‘-इंग’ गोष्ट घडलेली किंवा घडती धरतो. इतिहास माहीत असेल तर यात नवल नाही. ‘टू’ हा मूळचा दिशादर्शक, म्हणून पुढे बघतो. ‘-इंग’ हे मूळचं नाम, म्हणून गोष्ट समोर ठेवलेली असल्यासारखं बोलतो.

पण हा नियम गळका आहे. ‘पोस्टपोन’ केलेलं काम अजून व्हायचंच असतं, तरी पुढे ‘-इंग’. ‘मॅनेज्ड’ म्हणजे काम झालेलं असतं, तरी पुढे ‘टू’. अर्थाने कारण शोधायला गेलात तर इथे अडकाल. इतिहासाने पाहिलंत तर ‘पोस्टपोन’ हे टाळणाऱ्यांच्या टोळीतलं, आणि त्या टोळीत ‘-इंग’ आधीपासूनच घरचा झालेला. आम्ही मोजणारी माणसं म्हणूनच एका वेळी दोन घटक धरतो: क्रियापदाचा अर्थ, आणि ते कुणाच्या शेजारी राहतं.

यादी आपल्यापर्यंत कशी आली

इंग्रज माणसाला ही यादी लागत नाही. ती लागते बाहेरून शिकणाऱ्याला, आणि अशा शिकणाऱ्यांची संख्या आपल्याकडे प्रचंड होती. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण बहुतेकांच्या घरात असेल. त्यातले पी. सी. रेन म्हणजे १९२४ ची ‘बो जेस्ट’ ही गाजलेली साहसकथा लिहिणारे. त्यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केली होती. अशा पुस्तकांना हलत्या भाषेचा एक स्थिर फोटो काढावा लागतो, दुसरा इलाज नसतो. अडचण एवढीच होते, की फोटोखाली तारीख नसते.

मोठ्यांचंही यावर एकमत नव्हतं. ‘त्याचं येणं’ म्हणायचं की ‘तो येणं’, म्हणजे ‘हिज कमिंग’ की ‘हिम कमिंग’, यावरून १९२६ च्या सुमारास एच. डब्ल्यू. फाउलर आणि डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांची जाहीर जुंपली. फाउलरना दुसरं रूप अशुद्ध वाटे. येस्पर्सननी जुन्या-नव्या लेखकांच्या उदाहरणांची रास पुढे ठेवली. आपण मात्र ‘माझं तिथे जाणं शक्य नाही’ आणि ‘मी तिथे जाणं शक्य नाही’ दोन्ही म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही.

तर त्या परीक्षकांना मी काय उत्तर दिलं? ‘यूज’चं ‘यूझिंग’ केलं आणि आभार मानले. माझं वाक्य जुन्या पुस्तकांमधून आलेलं नव्हतं हे मला माहीत होतं. ‘वापरायला सरावलेले’ हे मराठीत मनात आलं आणि ‘वापरायला’चं ‘टू यूज’ झालं. आज लिहायचं तर आजची रीत पाळायला हवी, नाहीतर वाचणारा मुद्दा सोडून रेघ मारत बसतो.

मात्र तो शेरा वाचून पहिले दोन दिवस मला जे वाटलं होतं, ते आता वाटत नाही. दहावीपासून माझी समजूत होती की इंग्रजीत एक तर्क आहे, तो माध्यमाच्या मुलांना उपजत कळतो आणि आपल्याकडे तो कमी पडतो. मोजून पाहिल्यावर कळलं, की त्या जागी तर्क कमी आणि सवयच जास्त आहे, आणि ती सवय इंग्रजांनाही काही पिढ्या घेऊन लागली. सवय आपल्यालाही लावून घेता येते. त्यासाठी लाज वाटून घ्यायची गरज नाही.

सुट्टीत गावी गेले की शेजारचा आठवीतला मुलगा इंग्रजीचं पुस्तक घेऊन येतो. यंदा त्याच्या वहीत तेच दोन रकाने होते. मी त्याला म्हटलं, यादी पाठ कर, परीक्षेत लागेल. मग कुलपाची दोन वाक्यं सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘म्हणजे हे आपल्यालाही येतं की.’

पुढच्या वेळी ‘स्टार्टिंग रेनिंग’वाली धास्ती संगणकाला कशी मोजायला शिकवतात, ते आलेखांसह सांगेन.